गवताच्या दिवसांतलं आरक्षण

आमच्या कार्यालयात राष्ट्रीय उद्यानाचं आरक्षण सकाळी होतं आणि तक्रारी दुपारी घेतल्या जातात. खिडकी तीच, खुर्ची तीच, खुर्चीवरचा माणूसही तोच. जेवणाच्या सुट्टीनंतर खिडकीवरची पाटी फक्त उलटी करायची. एका बाजूला ‘आरक्षण’, दुसऱ्या बाजूला ‘तक्रार’. ही पाटी जवळजवळ नोकरीभर ज्यांनी उलटी केली, त्यांना सगळे मोसमराव म्हणतात. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनीसुद्धा म्हणतात, पण फक्त रागावलेल्या असल्या तर.

माझं टेबल त्यांच्या पाठीमागे, काचेच्या पार्टिशनपलीकडे. काचेला वरच्या बाजूला फट आहे. ती हवा खेळती राहावी म्हणून ठेवली होती. हवा काही फारशी येत नाही, बोलणं मात्र सगळं येतं.

उद्यान वर्षभर उघडं असतं आणि कार्यालयाचा नियम असा की कुठल्याही महिन्याला वाईट म्हणायचं नाही. मोसमरावांनी हा नियम कधी मोडला नाही. उन्हाळ्यात जाऊ का, असं कुणी विचारलं की ते म्हणत, “अवश्य जा. पाणवठे आटलेले असतात, जनावरं आपण होऊन पाण्यावर येतात. तुम्ही नुसतं बसून राहायचं.” पावसाळ्याचं विचारलं की, “इतकं हिरवं पुन्हा दिसायचं नाही, आणि गर्दी म्हणाल तर शून्य.” थंडीत पाणपक्षी. आणि पाऊस संपल्यावर जे गवत वाढतं, माणूस उभा राहिला तरी दिसत नाही इतकं, त्या दिवसांबद्दल विचारलं की ते क्षणभर थांबत आणि म्हणत, “गवतच बघण्यासारखं असतं.” हे वाक्य ते इतक्या मनापासून म्हणत की लोक आरक्षण करूनच उठत.

दुपारी ह्यातलेच काही लोक परत येत.

“दोन दिवस नुसती धूळ खाल्ली हो!”

“खरं आहे तुमचं.”

“धुक्यात समोरच्या जीपचा दिवासुद्धा दिसला नाही.”

“खरं आहे तुमचं.”

“गवत बघायला गेलो होतो का आम्ही? आमच्या सोसायटीमागे काय कमी गवत आहे?”

“खरं आहे तुमचं,” मोसमराव म्हणत आणि तक्रार लिहून घेत. मग नियमाप्रमाणे ती तक्रारदाराला मोठ्याने वाचून दाखवत. सकाळी आपणच काय सांगितलं होतं ह्याची आठवण त्यांनी कधी कुणाला करून दिली नाही, आणि लोकांनीही त्यांना करून दिली नाही. लोकांना पाटीमागचा माणूस वेगळा वाटत असावा.

एकदा चहाच्या वेळी मी त्यांना विचारलं, “तुम्हाला ह्याचं काही वाटत नाही?”

“कशाचं?”

“सकाळी एक, दुपारी एक.”

“सकाळी मी उद्यानाचा माणूस असतो, दुपारी प्रवाशांचा,” ते म्हणाले. “ह्यात गोंधळ काय आहे?”

“आणि संध्याकाळी घरी?”

त्यांनी कप बशीत ठेवला. “घरचं विचारू नका,” ते म्हणाले.

घरचं मला न विचारताही माहीत होतं. आमचं त्यांच्याकडे येणं-जाणं होतं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, पुढे अरुंद बाल्कनी, तिच्यात दोन खुर्च्या. दोघं बसली की गुडघे कठड्याला लागायचे. लग्न झालं तेव्हा नवरा-बायकोने कुठं फिरायला जायचं हा प्रश्न निघाला होता, आणि नवरा उद्यानाच्याच कार्यालयात असल्यामुळे उत्तरही ठरलेलं होतं. फक्त मोसमराव म्हणाले होते, “मोसम बघून जाऊ.” ते बघणं तेव्हापासून चालू होतं. मुलगी झाली, शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन गेली. मोसम बघणं संपलं नाही.

रविवारी संध्याकाळी तो विषय हमखास निघायचा. वहिनी चहा घेऊन बाल्कनीत येत आणि विचारत, “मग? थंडीत जायचं का?”

“थंडीत धुकं असतं गं. हात लांब केला तर आपला हात दिसत नाही.”

“उन्हाळ्यात?”

“धूळ.”

“पावसाळ्यात?”

“जीप रुतते. परवाच एक जण सांगत होते, चार तास रुतली होती.”

“मग गवताच्या दिवसांत?”

ह्यावर मोसमराव नुसते हसत. गवताच्या दिवसांत जायचं म्हणजे विहीर बघायला बादलीत बसण्यासारखं आहे, असं त्यांचं मत होतं. वहिनी मग चहा संपवत आणि दुसरं काहीतरी बोलू लागत. मी आणि माझी बायको आतल्या खोलीच्या दारात हे ऐकत बसायचो. घरी परतताना माझी बायको एकदा म्हणाली, “त्या दोघांचं फिरणं हेच आहे बहुतेक.” मला ते पटलं होतं. पुढे जे झालं त्यावरून दिसतं की वहिनींना ते पटलेलं नव्हतं.

वहिनी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतात. पाच-सहा डॉक्टरांकडून साचे येतात, त्यावरून मेणात दात बसवायचे, मग पक्की कवळी करून घासायची, चकाकी द्यायची. टेबलाला चिकटवलेला दिवा, डोळ्याला लावलेलं भिंग, आणि समोर कुणातरी अनोळखी माणसाचा जबडा. त्यांचं काम इतकं चोख की डॉक्टर लोक त्यांच्या रजेच्या तारखा विचारून मग रोग्याला तारीख देत. पण ह्या वर्षी त्यांचे डोळे दुखू लागले. डोळ्यांच्या डॉक्टरने तपासलं आणि सांगितलं की डोळ्यांत दोष नाही, डोळे जवळच अडकून पडले आहेत. रोज थोडा वेळ लांबचं बघत जा.

वहिनी घरी आल्या आणि लांबचं बघायला बाल्कनीत उभ्या राहिल्या. समोरच्या इमारतीची बाल्कनी इतकी जवळ की तिथे वाळत घातलेल्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसत होतं. त्या गच्चीवर गेल्या. गच्चीवरून पाण्याच्या टाक्या दिसत होत्या आणि टाक्यांच्या मागे आणखी उंच इमारत. रस्त्यावर गेल्या तर रस्ता वळत होता. लॅबच्या खिडकीतून तर भिंतच दिसायची. आठवडाभर त्यांनी लांबचं शोधलं, आणि पुढच्या रविवारी चहा आणला तेव्हा त्या खाली बसल्या नाहीत.

“मला उद्यानात जायचंय,” त्या म्हणाल्या.

“जाऊ ना. मोसम बघून—”

“मोसमराव, मी दिवसभर एका वितीच्या आत बघते. रविवारी इथं बसते, तर समोरच्यांच्या चादरी बघते. मला लांबचं काहीतरी बघायचंय. यंदा जायचं असेल तर जाऊ. नाहीतर हा विषय आज बंद. तुम्ही काढायचा नाही, मीही काढणार नाही.”

दुसऱ्या दिवशी मोसमरावांनी हे मला चहाच्या वेळी सांगितलं. त्यांचा चहा गार होत होता.

“मग घेऊन जा की,” मी म्हणालो. “इतकं काय त्यात?”

“आणि काही दिसलं नाही तर?”

“तर नाही दिसणार.”

“तुम्हाला सोपं आहे,” ते म्हणाले. “तुम्ही काचेमागून नुसतं ऐकता. मी तोंडं बघतो. दुपारी येतात ना, त्यांची. रागावलेली असतात त्यांचं काही नाही. काही जण रागावलेले नसतात, नुसते... हिरमुसलेले असतात. तसं तोंड मला घरी नकोय.”

“म्हणून इतकी वर्षं?”

“मोसमसुद्धा खरंच वाईट असतात,” ते म्हणाले आणि गार चहा एका दमात प्यायले.

तो आठवडा तसाच गेला. घरी विषय निघाला नाही. मोसमराव म्हणाले, रविवारी बाल्कनीत बसलो, चहा प्यायलो, आणि काय बोलायचं ते दोघांनाही सुचेना. शेवटी मुलीचा फोन आला म्हणून बरं झालं.

त्यानंतर एका सकाळी वहिनी कार्यालयात आल्या. दारातलं टोकन घेतलं आणि बाकावर बसल्या. मला त्या दिसल्या. मोसमरावांनी पाहिलं नाही, कारण ते आधी आकडा पुकारतात, मागच्याचे कागद लावून ठेवतात आणि मगच मान वर करतात. आमचे मॅनेजरसाहेब त्या दिवशी नेमके खिडकीमागे उभे होते. ते नुकतेच बदलून आलेले. गवताचे दिवस सुरू झाले होते आणि उद्यानातल्या विश्रामगृहाच्या खोल्या ओस पडल्या होत्या, त्याचं दडपण त्यांच्यावर होतं.

“नमस्कार, या, बसा. कुठला महिना—” मोसमरावांनी मान वर केली. “तू? तू कशाला आलीस इथं?”

“मी टोकन घेतलंय,” वहिनी म्हणाल्या.

मॅनेजरसाहेब वहिनींना ओळखत नव्हते. त्यांना एवढंच दिसलं की आपला माणूस गिऱ्हाइकाला अरे-तुरे करतो आहे. ते खाकरले. “अहो, नीट बोला जरा.”

मोसमरावांनी टाय सारखा केला. “बोला, मॅडम,” ते म्हणाले. मी हातातलं पेन खाली ठेवलं.

“साहेब, आम्हाला उद्यानात जायचंय. मोसम कुठला चांगला?”

“सगळेच चांगले असतात.”

“सगळेच?”

मोसमरावांनी हळूच मागे पाहिलं. मॅनेजरसाहेब मान डोलवत होते. “सगळेच,” ते म्हणाले.

“आमचे यजमान म्हणतात एकही धड नसतो.”

“त्यांचा अनुभव तसा असेल.”

“अनुभव कुठला? गेलेतच कुठं कधी!”

बाकावरची एक बाई हसली. मोसमरावांनी कागद सरळ केले.

“थंडीत धुकं असतं म्हणे,” वहिनी म्हणाल्या. “आपला हात आपल्याला दिसत नाही.”

“ऊन वर आलं की विरतं, मॅडम. आणि विरताना फार सुरेख दिसतं.”

“हो? हे काही बोलले नाहीत ते. आणि उन्हाळ्यातली धूळ?”

“रुमाल बांधायचा.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“बघा! मला वाटत होतं धुळीवर इलाजच नाही.” वहिनी खुर्ची पुढे ओढून बसल्या. “बरं, लगेच कधीचं मिळेल?”

मोसमराव काचेला नाक लागेल इतके पुढे झाले. “लगेच म्हणजे गवताचे दिवस आहेत गं,” ते हलक्या आवाजात म्हणाले, “म्हणजे, मॅडम. काही म्हणजे काही दिसत नाही.”

“अहो, गवतच बघण्यासारखं असतं,” मॅनेजरसाहेब मागून म्हणाले. “आमचे हेच तर सगळ्यांना सांगतात. सांगा ना त्यांना.”

मोसमरावांनी सांगितलं. “वारा सुटला की लाटा येतात,” ते म्हणाले. “समोरच्या डोंगरापर्यंत.” हे ते वर्षानुवर्षं म्हणत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना स्वतःला ते ऐकू आलं असावं.

“डोंगरापर्यंत म्हणजे किती लांब?”

“खूप लांब.”

“मग तेच द्या.”

“किती जण?”

“दोघं. मी आणि यजमान.”

“यजमान नक्की येणार आहेत का?”

“ते तुम्हीच सांगा, साहेब,” वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा बदलला. “नसतील येणार तर एकच नाव लिहा. मी एकटी जाईन. पण जाणार हे नक्की.”

मॅनेजरसाहेबांना ह्यातलं काही कळलं नाही. यजमानांचं येणं आमच्या माणसाने कसं सांगायचं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. मोसमरावांनी पेन उचललं, टोपण काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. मग दोन नावं लिहिली.

“गवताच्या दिवसांचं आरक्षण रद्द होत नाही, मॅडम,” ते म्हणाले. नियमाप्रमाणे हे सांगावंच लागतं.

“फार छान,” म्हणत वहिनी उठल्या आणि मॅनेजरसाहेबांकडे वळल्या. “तुमचा माणूस फार गोड बोलतो हो.”

“ओळखता का त्यांना?”

“होतेय ओळख हळूहळू,” वहिनी म्हणाल्या आणि गेल्या.

प्रवासाची हकिकत मला दोघांकडून वेगवेगळी कळली. पण मुख्य मुद्द्यावर दोन्ही जुळतात. दोन दिवसांत जवळजवळ काहीच दिसलं नाही.

मोसमरावांनी सामान भरलं ते सगळ्या तक्रारी डोळ्यांसमोर ठेवून. रुमाल होते, शाली होत्या, डासांचं मलम होतं आणि जीप रुतली तर खायला बिस्किटं होती. जीप रुतली नाही. गवतातून काढलेल्या वाटेने ती चालत राहिली. दोन्ही बाजूंना गवताच्या भिंती आणि वर आकाशाची पट्टी. मोसमराव वहिनींना सांगत होते, “इथं थंडीत पाणपक्षी असतात. ह्या डाव्या हाताला उन्हाळ्यात पाणवठा उघडा पडतो, तिथं अस्वल येतं पिल्लं घेऊन.”

गाईडने वळून पाहिलं. “साहेब बरेच वेळा आलेले दिसतात.”

“नाही, पहिल्यांदाच,” मोसमराव म्हणाले. गाईड पुन्हा पुढे बघू लागला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाईडने त्यांना एका उंचवट्यावर नेलं. तिथं लाकडी बाक होता. तिथून गवत खाली दिसत होतं, आणि ते खरोखरच समोरच्या डोंगरापर्यंत गेलेलं होतं. वहिनी बाकावर बसल्या आणि त्यांनी बोलणं बंद केलं. मोसमरावांना ह्या शांततेचा अनुभव होता. दुपारी खिडकीवर काही लोक तोंड उघडण्याआधी असेच गप्प बसायचे.

“चुकलंच माझं,” ते म्हणाले.

“काय चुकलं?”

“काही दिसत नाहीये तुला.”

“दिसतंय की.”

“काय दिसतंय?”

“लांबचं,” वहिनी म्हणाल्या.

मोसमरावांचं समाधान झालं नाही. मुलीचं मन राखायला ही जशी बोलायची तशीच आत्ता बोलते आहे, असं त्यांना वाटलं. ते बाकावर तिरके बसले, म्हणजे वहिनींचं तोंड नीट बघता येईल. एकदा शाल देऊ केली, एकदा बिस्किटं. वहिनींनी दोन्हींना नको म्हटलं. आणि तेवढ्यात म्हणाल्या, “कान!”

“कुठं?” मोसमराव म्हणाले.

“अस्वलाचे,” गाईड म्हणाला.

“कुठं, कुठं?”

“गेले,” वहिनी म्हणाल्या.

गवतातून दोन गोल कान वर आले होते, जरा थांबले होते आणि खाली गेले होते. उद्यानातलं त्या दोन दिवसांतलं जनावर एवढंच. मोसमराव त्यानंतर त्याच जागेकडे डोळे लावून बसले, अंधार पडेपर्यंत. वहिनींकडून मला कळलं की सूर्य डोंगरामागे गेला तेव्हा सगळं गवत तांबूस झालं होतं आणि वाऱ्याने हलत होतं. “आणि हे कान शोधत होते,” त्या म्हणाल्या.

सोमवारी मोसमराव कामावर आले. सकाळी नेहमीसारखी आरक्षणं केली. जेवणाची सुट्टी झाली. त्यांनी पाटी उलटी केली, पहिला आकडा पुकारला, कागद लावले आणि मान वर केली. समोर वहिनी होत्या. लॅबमधून तशाच आल्या होत्या, बाहीला मेण लागलेलं होतं.

मोसमरावांचा चेहरा मला दिसत नाही, पण मान दिसते. ती ताठ झाली.

“तक्रार आहे,” वहिनी म्हणाल्या.

“बोला.”

“बरोबरच्या प्रवाशाबद्दल आहे.”

“काय केलं त्यांनी?”

“दोन दिवसांत एकदाही समोर बघितलं नाही. मी कंटाळले का, मी रागावले का, सारखं माझ्याच तोंडाकडे बघत होते. मला लाज वाटायला लागली त्या गाईडसमोर. आणि त्या नादात कान हुकले त्यांचे. ते मला एकटीला बघावे लागले. कुणाशी बोलू मी आता कानांबद्दल?”

मोसमरावांनी सगळं लिहून घेतलं. मग नियमाप्रमाणे मोठ्याने वाचलं. ‘कान हुकले’ इथे ते अडखळले, पण वाचलं.

“खरं आहे तुमचं,” ते म्हणाले.

“नुसतं खरं म्हणून काय उपयोग? पुढे काय?”

“तुमची काय अपेक्षा आहे?”

“त्यांना पुन्हा न्यायचं. थंडीत. धुकं असतं म्हणे ना? बरं होईल. माझं तोंड दिसणार नाही त्यांना.”

मोसमरावांनी तक्रारीचा कागद बाजूला ठेवला. मग म्हणाले, “आरक्षण सकाळी असतं, मॅडम.”

“मग मी उद्या रजा टाकून येऊ का परत?”

मोसमराव उठले. त्यांनी हात वर करून पाटी उलटी केली. भर दुपारी ‘आरक्षण’ बाहेरच्या बाजूला आलेलं मी माझ्या सगळ्या नोकरीत पहिल्यांदा पाहिलं. वहिनींच्या मागे एक गृहस्थ कागदांची गुंडाळी घेऊन उभे होते. ते पाटीकडे बघून एकदम पुढे आले.

“अहो, हे काय? माझी तक्रार आहे!”

“आरक्षण चालू आहे,” मोसमराव म्हणाले. “जरा थांबा. किती जण, मॅडम?”

“दोघं.”

“यजमान येणार आहेत,” मोसमराव लिहिता लिहिता म्हणाले.

गृहस्थ बाकावर जाऊन बसले आणि गुंडाळी उलगडून आपली तक्रार पुन्हा वाचू लागले. ती गेल्या थंडीतल्या धुक्याबद्दल होती.